इलेक्टरनं वचन मोडलं तर? वॉशिंग्टन राज्यातलं 2016चं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडायला 538 इलेक्टर असतात आणि जिंकायला 270 लागतात, हे दर चार वर्षांनी आपल्या वर्तमानपत्रांत छापून येतं. हे 538 म्हणजे नाव-गाव असलेली माणसं आहेत, ही गोष्ट मात्र निकालाच्या लाल-निळ्या नकाशात हरवून जाते. प्रत्येक राज्यात प्रत्येक पक्ष आपल्या इलेक्टरांची यादी निवडणुकीआधीच तयार ठेवतो. नोव्हेंबरात त्या राज्यात ज्या उमेदवाराला जास्त मतं, त्याच्या पक्षाची यादी नेमली जाते. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं तेवढी काही जागा मतदारसंघनिहाय वाटतात. डिसेंबरात हे इलेक्टर आपापल्या राज्यात जमतात, राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदासाठी वेगवेगळं मत देतात, मतांच्या दाखल्यावर सह्या करतात आणि घरी जातात. पद एका दिवसाचं. ते बहुधा पक्षासाठी वर्षानुवर्षं राबलेल्या कार्यकर्त्याला मान म्हणून दिलं जातं.

वॉशिंग्टन राज्याचे इलेक्टर 12. हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानीचं शहर नव्हे, पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं सिएटलचं राज्य. तिथं मतपत्रिका टपालानं घरी येते. रेडमंड-बेलव्ह्यूकडच्या एखाद्या मराठी मतदारानं 2016 साली तो लिफाफा उघडला असेल, तर त्याला हिलरी क्लिंटन आणि टिम केन, डोनाल्ड ट्रम्प आणि माइक पेन्स अशा जोड्या दिसल्या असतील. ज्यांच्या नेमणुकीसाठी तो प्रत्यक्षात मत देत होता, त्या इलेक्टरांपैकी एकाचंही नाव त्या कागदावर नव्हतं. पुढच्या साडेतीन वर्षांच्या वादात दोन्ही बाजूंनी राज्यघटनेचे दाखले ढिगानं दिले गेले, पण आमच्या मते सगळ्यांत बोलका पुरावा हाच.

या राज्याला ठेच आधी एकदा लागली होती. 1976 साली जेराल्ड फोर्ड यांनी वॉशिंग्टन जिंकलं, पण त्यांच्या यादीतल्या एका इलेक्टरनं मत दिलं रोनाल्ड रेगन यांना. त्यावर 1977 साली कायदा झाला: इलेक्टरनं आपल्या पक्षाच्या उमेदवारालाच मत द्यायचं, नाहीतर 1,000 डॉलरपर्यंत दंड. मत बाद होईल किंवा माणूस बदलला जाईल, असं मात्र त्यात नव्हतं. दंड मोठा की लहान यापेक्षा तो मतदानानंतर लागतो, ही या कायद्यातली खरी उणीव होती. चाळीस वर्षं ती कुणाच्या लक्षात आली नाही, कारण तेवढ्या काळात कुणी वचन मोडलंच नाही.

अडचण

8 नोव्हेंबर 2016 रोजी क्लिंटन यांनी वॉशिंग्टन राज्य पंधरा-सोळा टक्क्यांच्या फरकानं जिंकलं. देशभरात त्यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे 28 लाख 70 हजार मतं जास्त होती. इलेक्टरांचं गणित मात्र ट्रम्प 306, क्लिंटन 232 असं लागलं. इलेक्टरांचं मतदान 19 डिसेंबरला होतं, म्हणजे मध्ये 41 दिवस.

या 41 दिवसांत वॉशिंग्टन आणि कोलोरॅडोच्या काही डेमोक्रॅटिक इलेक्टरांनी एक बेत आखला. 306 मधून 37 रिपब्लिकन इलेक्टर फुटले की ट्रम्प 269 वर येतात आणि कुणालाच बहुमत उरत नाही. मग 12व्या घटनादुरुस्तीप्रमाणे निवड प्रतिनिधीगृहाकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे जाते. तिथं इलेक्टरांची सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या पहिल्या तिघांतून एकाला निवडायचं, प्रत्येक राज्याच्या शिष्टमंडळाला एकच मत, आणि जिंकायला 26 राज्यं लागतात. रिपब्लिकन इलेक्टरांना क्लिंटन चालणार नाहीत हे उघड होतं. म्हणून डेमोक्रॅटांनीही क्लिंटन यांना सोडून एखाद्या मवाळ रिपब्लिकनला मत द्यावं, म्हणजे समोरच्यांना धीर येईल, असा हिशोब. आधार म्हणून नाव घेतलं गेलं ते अलेक्झांडर हॅमिल्टन यांचं. इलेक्टर म्हणजे विचारी, पारख असलेली निवडक माणसं, अशी कल्पना त्यांनी 1788 साली घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या लेखात मांडली होती.

आता या बेतातली गोम पाहा. फुटायला हवे होते 37 रिपब्लिकन. हातात होते ते डेमोक्रॅट. डेमोक्रॅट इलेक्टर कितीही फुटले तरी ट्रम्प यांचा आकडा एकानंही कमी होत नव्हता.

इलेक्टरांसमोरचे पर्याय

वॉशिंग्टनमधल्या ज्या चार इलेक्टरांचं मन क्लिंटन यांना मत द्यायला तयार नव्हतं, त्यांच्यापुढे चार वाटा होत्या. त्यांची नावं न्यायालयीन कागदपत्रांत आहेत, इथं त्यांची गरज नाही.

पहिली वाट वचन पाळण्याची. दुसरी राजीनाम्याची. टेक्सासमधल्या एका रिपब्लिकन इलेक्टरनं हीच धरली: ट्रम्प यांना मत देववत नाही आणि दिलेला शब्दही मोडवत नाही, म्हणून तो मतदानाआधीच बाजूला झाला आणि त्याच्या जागी दुसरा आला. मोजणीवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणूनच ज्यांना निकाल बदलायचा होता त्यांना ही वाट नको होती.

तिसरी वाट आधी न्यायालयात जाऊन कायद्याला स्थगिती मागण्याची. चौघांपैकी दोघांनी ती चोखाळली. सिएटलच्या संघीय न्यायालयानं मतदानाच्या काही दिवस आधी नकार दिला, अपील न्यायालयानंही तातडीनं हात घालायचं नाकारलं. चौथी वाट वचन मोडून दंड भरण्याची. कायद्यात मत बाद करायची तरतूद नसल्यामुळे 1,000 डॉलर ही जणू स्वतंत्र मताची फी ठरत होती. आणि दंड झाला की त्याविरुद्ध दाद मागायला रीतसर कारणही मिळत होतं.

प्रत्यक्ष काय घडलं

19 डिसेंबरला ऑलिंपिया या राज्याच्या राजधानीत 12 जण जमले. आठ मतं क्लिंटन यांना पडली. तीन मतं रिपब्लिकन पक्षाचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना गेली. चौथं मत फेथ स्पॉटेड ईगल यांना गेलं. त्या आदिवासी समाजातल्या, तेलवाहिनीविरोधी लढ्यातल्या नेत्या, म्हणजे मवाळ रिपब्लिकनला मत देण्याच्या बेताशी या चौथ्या मताचा संबंध नव्हता. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी तर चौघांनी चार वेगळी नावं लिहिली. बंड म्हणून पाहिलं तर हे फारच विस्कळीत होतं: चौघांचा एका नावावरही मेळ नव्हता.

राज्यानं मतं जशी पडली तशीच नोंदवून पाठवली आणि महिनाअखेरीस चौघांना प्रत्येकी 1,000 डॉलर दंड ठोठावला.

त्याच दिवशी कोलोरॅडोत निराळाच प्रकार झाला. तिथल्या कायद्यात दंडाची गोष्ट नव्हती. राज्यात ज्याला सर्वाधिक मतं त्यालाच मत द्यायचं, एवढाच हुकूम होता. दोन इलेक्टर आधीच न्यायालयात जाऊन रिकाम्या हातांनी परतले होते. मतदानाच्या दिवशी राज्याच्या सचिवांनी (तिथं हे निवडणुकांचं काम पाहणारं, निवडून आलेलं पद असतं) इलेक्टरांकडून नव्या शब्दांत शपथ घेतली आणि ती मोडली तर खोट्या शपथेचा गुन्हा होईल अशी तंबी दिली. तरीही एकानं मतपत्रिकेवरचं क्लिंटन यांचं नाव खोडून ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक यांचं लिहिलं. सचिवांनी ते मत स्वीकारलं नाही, त्याला तिथल्या तिथं पदावरून काढलं, बदली इलेक्टर बसवला आणि त्यानं क्लिंटन यांना मत दिलं. हे पाहून उरलेल्या दोघांनी मुकाट्यानं क्लिंटन यांचं नाव कायम ठेवलं.

दोन्ही राज्यांचे सचिव रिपब्लिकन होते, आणि दोघांनीही कायदा राबवला तो डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या मतांसाठी. पक्षांतराच्या सुनावण्या कशा चालतात हे पाहिलेल्या मराठी वाचकानं याची नोंद घ्यायला हरकत नाही.

देशभरात काय झालं? मिनेसोटात एकाला बदललं गेलं. मेनमध्ये एकाचं मत नियमबाह्य ठरवून पुन्हा मतदान घेतलं, दुसऱ्या वेळी त्यानं क्लिंटन यांना मत दिलं. हवाईत एकानं बर्नी सँडर्स यांना मत दिलं आणि ते मोजलं गेलं. टेक्सासमध्ये दोन रिपब्लिकन फुटले, एक मत केसिक यांना, एक रॉन पॉल यांना. 6 जानेवारी 2017 रोजी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, अंतिम आकडे आले: ट्रम्प 304, क्लिंटन 227. म्हणजे ट्रम्प यांना रोखायला निघालेल्या मोहिमेत ट्रम्प यांची दोन मतं गेली आणि क्लिंटन यांची पाच.

न्यायालयात

दंड झालेल्या चौघांपैकी तिघे लढले. प्रशासकीय न्यायाधीश, मग जिल्हा पातळीचं न्यायालय, मग मे 2019 मध्ये राज्याचं सर्वोच्च न्यायालय: तिन्ही ठिकाणी हरले. पण ऑगस्ट 2019 मध्ये कोलोरॅडोच्या प्रकरणात 10व्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं बरोबर उलटा निकाल दिला. इलेक्टर नेमण्यापुरतं राज्याचं चालतं, एकदा नेमल्यावर तो संघीय काम करतो आणि त्याच्या मतात राज्याला ढवळाढवळ करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन न्यायालयं दोन दिशांना गेली आणि 2020ची निवडणूक तोंडावर आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही प्रकरणं जानेवारी 2020 मध्ये घेतली, मे महिन्यात कोविडमुळे फोनवर सुनावणी केली आणि 6 जुलै 2020 रोजी निकाल दिला. वॉशिंग्टनचं प्रकरण ‘चियाफालो विरुद्ध वॉशिंग्टन’ म्हणून ओळखलं जातं; चियाफालो हे लढलेल्या तिघांपैकी एक.

इलेक्टरांचा युक्तिवाद शब्दांवर उभा होता. ‘मत’, ‘मतपत्रिका’, ‘इलेक्टर’ हे शब्द घटनेत आहेत आणि ज्याचं उत्तर आधीच ठरलंय त्याला मत कसं म्हणायचं? राज्यांचा युक्तिवाद नेमणुकीच्या अधिकारावर होता. राज्याचं विधिमंडळ सांगेल त्या रीतीनं इलेक्टर नेमायचे, असं घटनेचं दुसरं कलम म्हणतं. ज्याला नेमता येतं त्याला नेमताना अट घालता येते, आणि अट घालता आली तर ती मोडल्याबद्दल शिक्षाही करता येते. 1952 साली अलाबामाच्या प्रकरणात न्यायालयानं वचन घेण्यापर्यंतचा टप्पा मान्य केला होता. शिक्षेचा प्रश्न तेव्हा उघडाच राहिला होता.

एकही न्यायाधीश इलेक्टरांच्या बाजूनं गेला नाही. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकालपत्र लिहिलं. क्लॅरेन्स थॉमस निकालाशी सहमत होते, पण त्यांनी कारण वेगळं दिलं: घटनेनं जे राज्यांना नाकारलेलं नाही ते राज्यांकडेच राहतं. कोलोरॅडोच्या प्रकरणात सोनिया सोटोमायर सहभागी झाल्या नाहीत, कारण तिथल्या एका इलेक्टरशी त्यांची ओळख होती.

निकालपत्राचा जोर शब्दांपेक्षा वहिवाटीवर आहे. 1796 साली पेनसिल्व्हेनियातल्या फेडरलिस्ट पक्षाच्या एका इलेक्टरनं आपल्या पक्षाच्या जॉन ॲडम्स यांच्याऐवजी थॉमस जेफरसन यांना मत दिलं, तेव्हा एका मतदारानं संतापून लिहिलं होतं की त्याला निवडलं ते सांगितलेलं करायला, विचार करायला नव्हे. म्हणजे हॅमिल्टन यांची विचारी इलेक्टरची कल्पना तिसऱ्याच निवडणुकीत मोडीत निघाली होती. तेव्हापासून पडलेल्या 23,000 हून अधिक मतांपैकी वचनाबाहेरची मतं 180 आणि त्यांतही एक तृतीयांशाहून जास्त 1872 सालची, जेव्हा उमेदवार होरेस ग्रीली हेच मतदानानंतर आणि इलेक्टर जमण्याआधी वारले होते. अध्यक्षपदाचा निकाल अशा मतांनी एकदाही फिरला नाही.

परिणाम

दंड कायम राहिला. कोलोरॅडोची बदलीची पद्धतही वैध ठरली. मात्र या निकालानं इलेक्टरांना बांधलेलं नाही. राज्यांनी बांधायचं ठरवलं तर बांधता येईल, एवढंच तो म्हणतो. निकालाच्या वेळी 32 राज्यं आणि राजधानीचा जिल्हा यांनी वचनाचे कायदे केले होते, पण त्यांमागे शिक्षा किंवा बदलीचा जोर फक्त 15 राज्यांत होता. ज्या राज्यात कायदाच नाही, तिथं इलेक्टर आजही फुटू शकतो.

वॉशिंग्टननं निकालाची वाट पाहिली नाही. 2019 मध्येच दंडाचा जुना कायदा काढून, सगळ्या राज्यांसाठी तयार केलेल्या नमुना कायद्याच्या धर्तीवर नवा आणला. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक जागेला एक इलेक्टर आणि एक पर्यायी इलेक्टर. दोघांकडून आधीच सही केलेलं वचन. मतदानाच्या वेळी इलेक्टर मतपत्रिकेवर खूण करतो, सही करतो आणि ती राज्याच्या सचिवासमोर ठेवतो. सचिव ती तपासतो. वचनाशी जुळली तरच स्वीकारतो. न जुळणारी, कोरी किंवा न दाखवलेली पत्रिका म्हणजे आपोआप राजीनामा. पर्यायी इलेक्टर पुढे येतो, आणि गव्हर्नर इलेक्टरांच्या नावांचा सुधारित दाखला पाठवतात. दंड नाही, तुरुंग नाही, खटला नाही. मत नोंदलं जाण्याआधीच प्रश्न मिटतो.

2020 आणि 2024 मध्ये एकही इलेक्टर फुटला नाही.

आपल्याकडच्या राष्ट्रपती निवडणुकीशी तुलना

‘मग आपल्याकडे कसं चालतं?’ हा प्रश्न इथं हमखास येतो. आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदार असतात निवडून आलेले खासदार आणि आमदार. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175, म्हणजे 288 आमदारांचं मिळून 50,400. मतदान गुप्त, पक्षाला व्हिप काढता येत नाही, पक्षांतरबंदी लागू होत नाही. अमेरिकेतल्या बंडखोरांना जे हवं होतं ते आपल्याकडे नियमातच आहे.

1969 साली त्याचा पुरेपूर वापर झाला. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या म्हटलं आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले. पहिल्या पसंतीत गिरी 4,01,515 आणि रेड्डी 3,13,548. तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर 1,12,769. दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. काही महिन्यांत काँग्रेस फुटली.

हे उदाहरण देऊन इलेक्टरही असाच मोकळा असावा, असं म्हणणारे भेटतात. आम्हाला ते पटत नाही. आपला आमदार मतदारानं नाव वाचून, चेहरा पाहून निवडलेला असतो आणि पुन्हा मत मागायला त्याला त्याच दारात जावं लागतं. इलेक्टरला कुणी पाहिलेलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी तो त्या पदावरही नसतो. मोकळीक द्यायची तर मागे जाब विचारणारा कुणीतरी हवा.

वेगळं काय करता आलं असतं

इलेक्टरांच्या बाजूनं पाहिलं तर सगळ्यांत मोठी चूक क्रमाची होती. आधी समोरच्या गोटातले 37 मिळतात का ते पाहायला हवं होतं, मग आपली मतं मोडायची. उमेदवाराची संमती हा त्याहूनही आधीचा प्रश्न. केसिक यांनी 6 डिसेंबरलाच मला मत देऊ नका असं जाहीर सांगितलं होतं. आणि समजा निवड प्रतिनिधीगृहाकडे गेलीच असती, तरी तिथं बहुतेक राज्यांची शिष्टमंडळं रिपब्लिकनांच्या हातात होती. त्यांनी आपल्या पक्षाचा जिंकलेला उमेदवार सोडून तीन मतांचा पॉवेल का निवडला असता, याचं उत्तर त्या बेतात कुठंच नव्हतं. ज्यांचा आक्षेप निव्वळ नैतिक होता, त्यांच्यासाठी टेक्सासवाल्याचा राजीनामा जास्त स्वच्छ होता.

वॉशिंग्टन राज्यानं 1977 मध्येच दंडाऐवजी बदलीची तरतूद केली असती तर चार मतं इकडची तिकडे गेली नसती. कोलोरॅडोची पद्धत सरस, पण शपथेचे शब्द ऐन मतदानाच्या दिवशी बदलणं हे वाईट प्रशासन. वचनाचा मसुदा नेमणुकीआधी हातात पडला, तर ज्याला जमणार नाही तो वेळीच नाही म्हणू शकतो.

एक गाठ अजून सुटलेली नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मधल्या सहा आठवड्यांत जिंकलेला उमेदवारच वारला तर? ग्रीली यांच्या 66 इलेक्टरांपैकी तिघांनी तरीही त्यांनाच मत दिलं, आणि अमेरिकी काँग्रेसनं ती तीन मतं मोजली नाहीत. केगन यांनी तळटीपेत एवढंच म्हटलंय की या निकालाचा अर्थ मृत उमेदवाराला मत द्यायची सक्ती करता येते असा घेऊ नये. कॅलिफोर्निया आणि इंडियाना यांनी अशा वेळी इलेक्टरला मोकळीक देणारी तरतूद कायद्यातच केली आहे. बाकी ठिकाणी सगळं मसुद्यातल्या दोन-चार शब्दांवर येतं. कायदा ‘पक्षाच्या उमेदवाराला मत द्यावं’ म्हणत असेल, तर पक्षाला नवा उमेदवार देऊन वाट काढता येते. तो कोलोरॅडोसारखा ‘राज्यात सर्वाधिक मतं मिळालेल्या उमेदवाराला’ म्हणत असेल, तर सचिवासमोर दहा इलेक्टर उभे असतील आणि कायदा बोट दाखवत असेल मेलेल्या माणसाकडे.